पायरीजवळचं रिकामं आळं

१

चष्मेवाल्याला आख्खी गल्ली वेंधळा म्हणायची. दुसऱ्यांना लांबचं-जवळचं दाखवणारा हा माणूस स्वतःचा चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधत फिरायचा. पण बायकोवर त्याचा जीव नव्हता असं कुणी म्हणालं, तर त्याची जीभ झडेल. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्याला दुसरं काही कारण मला तरी सापडलेलं नाही.

त्याचं दुकान गल्लीच्या तोंडाशी आणि घर गल्लीच्या शेवटाला. दुपारी उन्हाच्या तडाख्यानं गिऱ्हाईक फिरकायचं नाही, तेव्हा दुकानाचं शटर ओढून तो जेवायला घरी यायचा. घरापुढे पायऱ्या, पायऱ्यांपासून फाटकापर्यंत कुंपणाच्या भिंतीला लागून मोकळी जागा. सकाळी पडलेलं ऊन त्या जागेवरून संध्याकाळीच उठायचं. सावली म्हणून औषधाला नाही. तिथं बायकोनं गुलाब लावले होते. मग पावसानं तोंड फिरवलं, नळाला पाणी मनात येईल तेव्हा यायला लागलं, आणि बिचारी भांडी घासलेलं, तोंड धुतलेलं, भाज्या धुतलेलं पाणी भांड्याभांड्यानं नेऊन त्या गुलाबांना घालत राहिली. तरी ते गेलेच. शेवटचं झाड वाळलं त्या दिवशी ती पायरीवर बसून अशी रडली, की चष्मेवाला जेवण तसंच टाकून तिच्याजवळ येऊन बसला.

रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "आता रोज माझ्या तोंडाकडे बघत बसेल असलं काही लावणार नाही. माझ्यावाचून जगेल तेच लावीन."

आणि तिनं रोपवाटिकेतून शोभेचं गवत आणलं. निळसर पात्यांचं, तांबूस शेंड्यांचं, पुढे रुपेरी तुरे येणारं. शेजारच्या मास्तरीणबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या पण शिकवायची खोड न गेलेल्या, कुंपणावरून डोकावल्या.

"अगं, लोक गवत उपटून टाकतात आणि तू विकत आणतेस? आता म्हैस कुठं बांधणार?"

"म्हैस दुकानात असते, दुपारी जेवायला येते," ही म्हणाली. चष्मेवाला त्यावर पोट धरून हसला. अशी ती होती.

तिनं ओळीनं आळी केली, रोपांचा बुडखा मातीच्या जरासा वर ठेवला आणि भोवती बारीक खडी पसरली, म्हणजे बुडाशी पाणी साचायला नको. शेवटचं रोप पायरीजवळ आलं. ते जरा किडकिडीत होतं. चष्मेवाल्याला त्याची दया आली. जेवण झालं की पेल्यातलं उरलेलं पाणी तो जाता-जाता गुपचूप त्याच्या बुडाशी ओतायचा. एक पेला तो काय, त्यानं काय होतंय!

काही दिवसांनी बायकोनं त्याला बोलावून उकिडवं बसवलं. शेजारच्या रोपाचं एक पातं दोन बोटांत धरून तिनं हलकेच ओढलं. ते आलं नाही, उलट तिच्या बोटाला कापून गेलं. "हे जिवंत," ती म्हणाली. मग पायरीजवळच्या रोपाचं पातं धरलं. ओढावंही लागलं नाही. आपसूक हातात आलं. मुळाकडच्या टोकाशी तपकिरी, बुळबुळीत, आणि फुलदाणीतलं पाणी बरेच दिवस बदललं नाही की येतो तसला वास.

"लाडानं मारलंत तुम्ही त्याला," ती म्हणाली. हसत म्हणाली, पण त्याला फार वाईट वाटलं. तो म्हणाला, "उद्याच दुसरं आणतो."

"नको. राहू दे आळं रिकामं. लागेल कशाला तरी."

२

गवताला पाण्यावाचून जगायला शिकवावं लागतं, हे चष्मेवाल्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्याला वाटलं होतं, लावलं की झालं. तसं नसतं म्हणे. आधी रोज पाणी द्यायचं, मग एकाआड एक दिवस, मग आठवड्यानं, आणि एक दिवस साफ तोडून टाकायचं. याला ताण देणं म्हणतात. ताण दिला की गवत आधी मान टाकतं, करडं पडतं, बघणाऱ्याचा जीव कासावीस होतो. तेव्हा मन घट्ट करायचं आणि झारीला हात लावायचा नाही.

"आणि मेलं तर?" त्यानं विचारलं.

"मरत नाही. वर काही मिळत नाही म्हटल्यावर मुळं खाली जायला लागतात. खोल, अगदी खोल. मग कुणाची मिनतवारी नको."

आणि खरंच, एका सकाळी सगळे ठोंब मान वर करून उभे होते. पुढे तुरे आले. संध्याकाळचा वारा सुटला की अंगणभर सळसळ व्हायची आणि दोघं पायरीवर बसून ती ऐकायची. गल्लीतली बाकीची अंगणं कोळसा झाली होती. मास्तरीणबाईंनीसुद्धा म्हशीचं नाव काढणं सोडलं.

त्याच दिवसांत कधीतरी जेवताना त्याचं लक्ष बायकोच्या पेल्याकडे गेलं. पेला काठोकाठ भरलेला होता. तिचं जेवण संपलं होतं. ती उठली, ताटं उचलली आणि पेला तसाच राहिला. पाणी वाया जायला नको म्हणून तो स्वतः ते पिऊन टाकून दुकानात गेला.

दुसऱ्या दिवशीही पेला भरलेलाच होता. त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

३

आता यात घाबरण्यासारखं काय आहे? काहीच नाही. बायका कामाच्या नादात पाणी प्यायचं विसरतात. पाण्याची टंचाई, तेव्हा स्वतःच्या तोंडचं वाचवत असेल, तिचा स्वभावच तसा. चष्मेवाल्यानं स्वतःला असं नीट समजावलं. पण एकदा शंकेची पाल चुकचुकली की माणूस कुठं कुठं बघायला लागतो.

तिनं चहा सोडला होता. "हल्ली नाही लागत मला," एवढंच उत्तर. न्हाणीघरात तिच्या साबणाच्या वडीला बारीक बारीक भेगा पडल्या होत्या. टॉवेल घडीचा होता, उघडला तर घडीवर कडक मोडला. दात घासायच्या ब्रशवर बोट फिरवलं तर धूळ लागली. धुवायला टाकलेले तिचे कपडे त्यानं, कुणी बघत नाही ना याची खात्री करून, नाकाशी नेले. घामाचा वास नव्हता. भर उन्हात तापलेल्या गवताचा होता.

ती मात्र मजेत होती. काम करायची, बोलायची, रात्री शांत झोपायची. ओठ फुटले नव्हते, की डोळे खोल गेले नव्हते. जेवण मात्र कोरडं कोरडं लागायचं तिला, आणि तेही चिमणीएवढं.

"अगं, पाणी का पीत नाहीस तू?" शेवटी त्यानं सरळ विचारलं.

"पिते की."

"कधी? मी तर बघितलं नाही."

ती खडीतलं वाळकं पान वेचत होती. वर न बघता म्हणाली, "सुरुवातीला त्रास होतो. मग नाही होत."

 तो म्हणाला, "म्हणजे काय?" तर ती म्हणाली, "तुम्हाला उशीर होतोय, दुकान उघडायचंय ना."

४

तो तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. ती खळखळ न करता आली. उलट वाटेत याचीच थट्टा केली, की तब्येत दाखवायची तर तुमची दाखवा, तोंड बघा कसं उतरलंय.

डॉक्टरीणबाई गल्लीतल्याच. हसऱ्या, अघळपघळ, पेशंटला ओरडून बरं करणाऱ्या. त्यांनी नाडी बघितली, छाती तपासली, रक्तदाब घेतला. "ठणठणीत आहे की," म्हणाल्या. जीभ काढायला सांगितली. बघून परत काढायला सांगितली. मनगटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. चिमटी सुटली तरी कातडी उभीच राहिली, हळूहळू बसली.

"रक्त बघू जरा," त्या म्हणाल्या आणि सुई बोटाला टोचली. बोट दाबलं. काही आलं नाही. दुसऱ्या बोटाला टोचली. बायको तोंड वाकडं न करता बघत होती, जसं काही बोट शेजारच्या बाईचं आहे. तिसऱ्या बोटाला टोचल्यावर डॉक्टरीणबाईंनी सुई टाकून दिली, हात धुतले, पुसले आणि परत धुतले.

"मशीनच बिघडलंय माझं," त्या म्हणाल्या.

रक्त तपासायचं मशीन अजून टेबलावर बंदच होतं. चष्मेवाल्यानं ते बघितलं होतं, आणि आपण बघितलं हे डॉक्टरीणबाईंनाही कळलंय हे त्यानं बघितलं. त्यांनी चिठ्ठीवर पाण्यात मिसळायच्या पुड्या लिहून दिल्या. दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "पाणी पाजा हो तिला. कसंही करा, पण पाजा." 

पुड्या कपाटात पडून राहिल्या. मास्तरीणबाई त्याला रस्त्यात गाठून म्हणाल्या, "काय हो चष्मेवाले, बायको काय सडसडीत झालीय तुमची! काय खायला घालता?" त्याला त्यांच्या पायाशी बसून रडावंसं वाटलं. तो हसला आणि पुढे गेला.

५

त्याचा धंदा डोळ्यांचा. बाकी कशातलं काही कळत नसलं तरी डोळा त्याला कळायचा. म्हणून एका दुपारी तिला दुकानात बोलावून त्यानं तपासायच्या खुर्चीत बसवलं. म्हणाला, "किती दिवसांत तुझा नंबर बघितला नाही."

समोर अक्षरांची पाटी, मधे दिवा. तिनं शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचलं. त्याखाली छापखान्याचं नाव असतं, तेही वाचलं. ते आजवर कुणाला वाचता आलं नव्हतं. तो बॅटरी घेऊन वाकला आणि तिच्या डोळ्यात बघत राहिला. डोळ्यावर ओलाव्याचा एक पातळ पडदा असतो, त्यावर उजेड हलतो. इथं उजेड हलत नव्हता. नुसता पडून होता.

आणि तिची पापणी लवत नव्हती. तो वाट बघत राहिला. बघता बघता त्याच्याच डोळ्यांची आग व्हायला लागली, पाणी आलं, त्याच्या पापण्या पुन्हा पुन्हा मिटल्या. ती एकटक त्याच्याकडे बघत होती.

"पापणी मिट गं," तो म्हणाला.

"का?" तिनं विचारलं. खरंच विचारलं.

त्यानं थेंबांची बाटली उघडली आणि तिची मान मागे करून डोळ्यात एक थेंब सोडला. थेंब गालावर ओघळला नाही. जिरला. तापल्या मातीत पहिला शिंतोडा जिरावा तसा, आवाजसुद्धा आला असं त्याला वाटलं. पण आवाज गिऱ्हाइकाच्या खुर्चीचाही असू शकतो, जुनी आहे ती.

आणि मग तिनं पापणी मिटली. उघडली तेव्हा त्या डोळ्यात त्याची बायको होती. तिनं दुकानभर नजर फिरवली, फार लांबून आल्यासारखी, आणि म्हणाली, "अगं बाई! अहो, तुम्ही जेवलात का? किती वाळलात!"

तो वेड्यासारखा हसला आणि दुसरा थेंब सोडायला गेला. तिनं त्याचं मनगट धरलं.

"नका," ती म्हणाली. "फार कष्टानं सुटलीय. परत सवय लागेल."

ती गेल्यावर त्यानं मनगट बघितलं. तिनं धरलं होतं तिथं बारीक, सरळ रेघा उमटल्या होत्या, आणि रेघांतून रक्त येत होतं.

६

त्या दिवसापासून त्याला दुकानात बसवेना. भिंगाची कड घासताना हात थांबायचा. एकदा तो गिऱ्हाइकाला तसंच खुर्चीत सोडून भर दुपारी घराकडे निघाला. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. वारा इतका पडला होता, की दोरीवरचे कपडे ओल्या फडक्यासारखे लटकत होते.

फाटक उघडताना त्याला सळसळ ऐकू आली. फाटकाजवळचं एकही पातं हलत नव्हतं, आणि सळसळ येत होती.

तो मागच्या दारानं आत गेला. का मागच्या, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अख्खं अंगण दिसायचं. त्यानं बघितलं. फाटकापासून पायरीपर्यंत गवताची ओळ उन्हात उभी होती. छान दिसत होती. कुठं खंड नाही, कुठं फट नाही. बघायला किती बरं वाटतं, असं त्याच्या मनात आलं, आणि मग लक्षात आलं, की ओळीत फट असायला हवी होती. पायरीजवळचं आळं रिकामं असतं.

त्यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. उन्हात डोळे दिपतात, मागची प्रतिमा पुढे सरकून दिसते, हे तो स्वतः लोकांना समजावत आला होता. त्यानं एक डोळा झाकून बघितलं. मग दुसरा झाकला. पायरीजवळ जे उभं होतं ते इतरांपेक्षा उंच होतं, आणि वारा नसताना तेवढंच हलत होतं, अगदी सावकाश, झोपेत श्वास घेतल्यासारखं.

"अगं!" तो ओरडला. घरभर धावला. खोलीत नाही, न्हाणीघरात नाही, मोरीत नाही. "अगं, कुठं आहेस तू?"

पुढचं दार उघडलं तर ती पायरी चढत होती. तिच्या सपाता पायरीच्या कडेला नीट जोडून ठेवलेल्या होत्या. तिनं त्या घातल्या नाहीत. पाय घोट्यापर्यंत मातीनं भरलेले होते, वरून लागलेल्या धुळीनं नव्हे. तिच्या मागे आळं रिकामं होतं आणि माती भुसभुशीत होती.

"एवढं ओरडायला काय झालं?" ती म्हणाली. प्रत्येक शब्दामागे आता तिला थांबावं लागत होतं. "इथंच तर होते."

७

मग त्यानं काय नाही केलं! भाजीत पाणी लपवलं, तर तिनं ताट बाजूला सारलं. पुड्या कालवून समोर धरल्या, तर ती उठून अंगणात गेली. झोपेत ओठांवर ओलं फडकं ठेवलं, तर तिनं न जागता तोंड फिरवलं. सगळं गवत उपटून फेकावं म्हणून तो त्वेषानं अंगणात उतरला आणि एका ठोंबाला दोन्ही मुठींनी धरून ओढायला लागला. ठोंब तसूभर हलला नाही. तळहात मात्र फाटले. तो रक्ताळलेले हात घेऊन खडीत बसला आणि ती दारातून त्याच्याकडे बघत होती. रागानं नाही. दया आल्यासारखी.

रोज ती थोडी उशिरा आत यायची. एक दिवस येणार नाही, हे त्याला आता पक्कं कळून चुकलं होतं. हा विचार आला की त्याच्या तोंडाला कोरड पडायची आणि पाणी प्यायलं तर घशाखाली उतरायचं नाही.

नळाला पाणी आलं त्या दिवशी त्यानं दुकान उघडलंच नाही. बादल्या, पातेली, डबे, तांबे, मिळेल ते भरून ठेवलं. ऊन चढलं तशी ती सपाता काढून दाराकडे निघाली. तो उंबऱ्यात आडवा बसला.

"जायचं तर माझ्या मढ्यावरून जा."

"असं काय करता," ती म्हणाली. थांबली. "मी मजेत आहे. मला काही लागत नाही. तुम्हाला तरी बरंच की. कुणाला पाणी विचारायला नको, कुणाचं दुखणं काढायला नको. मी गेल्यासारखी वाटले तरी असेनच की इथं, पायरीजवळ. कधी मरायचीसुद्धा नाही."

"मला नको ती न मरणारी!" तो ओरडला आणि मग त्याला रडू आवरेना. मोठा माणूस, उंबऱ्यात बसून लहान पोरासारखा हुंदके देत होता. "मला तू हवीस. म्हैस म्हणणारी. चहा निवला म्हणून भांडणारी. तुला नसेल माझी गरज, मला आहे ना तुझी. मी काय करू सांग? मी कुणाकडे बघू?"

 बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि गवत सळसळत होतं. तिनं एकदा तिकडे बघितलं, आणि एकदा याच्याकडे. हे तिच्यासाठी किती अवघड होतं ते मला सांगता येणार नाही, पण चष्मेवाल्यानं तिचा चेहरा बघितला होता.

"तुमच्यासाठी," ती म्हणाली. "द्या."

८

पहिला पेला तिनं ओठाला लावला तेव्हा घोट गिळल्याचा आवाज आला नाही. खडीत पाणी ओतावं तसं ते नुसतं आत उतरत गेलं. दुसराही तसाच. तिसऱ्याला तिचा घसा हलला. चौथ्याला तिला ठसका लागला आणि ठसक्यासरशी डोळ्यात पाणी आलं. खरं पाणी. ते गालावरून ओघळलं आणि हनुवटीवरून पडलं, आणि चष्मेवाल्यानं ते आपल्या फाटक्या तळहातावर झेललं.

मग काय विचारता! ती बोलायला लागली ती थांबेचना. ओठांवर रंग आला, कपाळावर घाम आला. घाम बघून त्याला इतका आनंद झाला, की त्यानं तो पुसूही दिला नाही. चहा केला, तर निवला म्हणून ती भांडली. डॉक्टरीणबाईंच्या मशीनची तिनं अशी नक्कल केली, की दोघं हसून हसून भिंतीला टेकली. पलीकडून मास्तरीणबाई ओरडल्या, "काय चाललंय काय भरदुपारी?" तर ही म्हणाली, "म्हैस धुतेय!"

आणि तो पाजत राहिला. पेला रिकामा झाला की भरायचा. तिला न्हाणीघरात बसवून त्यानं डोक्यावरून तांबे ओतले, साबणाची भेगाळलेली वडी पुन्हा फेसाळली. किती दिवसांनी तिची कातडी ओली, गार आणि मऊ लागत होती. संध्याकाळी ती म्हणाली, "बास आता. पाय जड झालेत माझे."

"एवढा एक," तो म्हणाला.

"नको हो. खरंच नको."

"एवढाच. माझ्यासाठी."

तिनं त्याच्याकडे बघितलं. मग हसली आणि पेला घेतला. तो रिकामा झाल्यावर त्यानं अजून एक भरला. एक पेला तो काय!

त्या रात्री कित्येक दिवसांनी त्याला गाढ झोप लागली.

९

नळाच्या आवाजानं त्याला जाग आली. सकाळचं लख्ख ऊन खोलीत आलं होतं. नळ उघडाच राहिला होता आणि त्याला आता न मागता पाणी आलं होतं. न्हाणीघरातली बादली भरत होती. छान, तो मनात म्हणाला. आजची सोय झाली.

मग त्याला वास आला.

फुलदाणीचा वास. पण घरात फुलदाणी नव्हती. त्यानं गादीवर हात टेकला तर ती ओली होती, गार नव्हे, कोमट. बायको भिंतीकडे तोंड करून झोपली होती. चादर खांद्यापर्यंत होती, आणि चादरीखालचा आकार कालच्यापेक्षा सपाट वाटत होता. पण एका कुशीवर झोपलं की तसं दिसतं. उजेड तिरपा होता. त्याच्या डोळ्यांवर चष्माही नव्हता.

"उठलीस का गं?" त्यानं विचारलं.

"हं," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, मऊ, अगदी मऊ.

तिचे केस उशीवर पसरले होते. त्यातली एक बट त्यानं दोन बोटांत धरली. कुरवाळायलाच धरली होती, देवाशपथ. पण बोटांना ती पायरीजवळची दुपार आठवली आणि त्याच्याही नकळत त्यांनी हलकेच ओढलं.

ओढावं लागलं नाही.

बट त्याच्या हातात होती. मुळाकडच्या टोकाला काहीतरी तपकिरी, बुळबुळीत होतं. तिला कळलंसुद्धा नाही. ती हललीही नाही. त्यानं ती बट उशीवर, जिथं होती तिथं, जशीच्या तशी परत ठेवली. ते नीट जमायला त्याला वेळ लागला. न्हाणीघरात बादली भरून वाहायला लागली आणि पाणी फरशीवर पसरत गेल्याचा आवाज आला. तो नळ बंद करायला उठला नाही.

"अहो," ती भिंतीकडे बघतच म्हणाली. "रागावू नका. मला कालचा दिवस फार आवडला."

चादरीतून तिनं हात मागे केला आणि तळवा वर करून गादीवर ठेवला. त्याच्यापासून वीतभर अंतरावर.

"भीती वाटतेय मला," ती म्हणाली. "माझा हात धरा ना."

त्यानं त्या हाताकडे बघितलं. आयुष्यात त्याला दुसरं काही एवढं करावंसं वाटलं नव्हतं. पण तो आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून तिच्याजवळ तसाच बसून राहिला.